'निखळ विनोदी' कशाच्या आधारावर?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सहकुटुंब बघण्याजोग्या 'निखळ विनोदी' सिनेमांची यादी आपल्या पुरवणीत आली, त्यात 'जाने भी दो यारों' होता. त्यावर एका वाचकांनी चिडून पत्र लिहिलं, की मेलेल्या माणसाची दीड तास फरफट दाखवणं हा विनोद कसा? लगेच इतर वाचक त्यांच्यावर तुटून पडले. विनोदबुद्धी नाही, अभिजात कलाकृती कळत नाही वगैरे. माझं मत विचाराल तर हा सिनेमा खरा पाहिलाय तो त्या चिडलेल्या वाचकांनीच. बाकीच्यांना महाभारताचा प्रसंग तेवढा आठवतोय.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये यातल्या प्रेताची भूमिका केलेले सतीश शहा गेले, तेव्हाही फोनवर सगळीकडून तीच क्लिप येत होती: प्रेताला द्रौपदीची साडी, डोळ्यांवर काळा चष्मा चढवून रंगमंचावर घुसलेला दारुडा भीम, आणि काय चाललंय हे न कळणारा धृतराष्ट्र. प्रसंग अफलातून आहे, वादच नाही. (त्यातला दुःशासन म्हणजे विधू विनोद चोप्रा, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.) पण क्लिप तिथेच संपते. सिनेमा संपत नाही.

पुढे काय होतं? ज्या प्रेतासाठी एवढी पळापळ, ते पालिका आयुक्त डिमेलो यांचं. जिवंतपणी त्यांनी बिल्डरांकडून खाल्लं आणि त्यांच्यातल्याच एकाने त्यांना संपवलं. त्यांच्या नावाचा पूल कोसळतो. खुनाचे फोटो काढणारे विनोद आणि सुधीर हे दोन साधेभोळे फोटोग्राफर पुरावा घेऊन दारोदार फिरतात आणि शेवटी पूल पडल्याचं खापर त्यांच्याच माथी फुटतं. बिल्डर, अधिकारी, पोलीस सगळ्यांचं आपसात जुळतं. अंगावर कैद्यांचे कपडे, मागे 'हम होंगे कामयाब', आणि ते दोघे आपल्याकडे बघत गळ्यावरून हात फिरवतात. संपलं. हा शेवट पाहून ज्याला काही झालं नाही, त्याने रसिकतेच्या गप्पा मारू नयेत.

आणि संपादक महाशय, आपल्या व्यवसायालाही दिग्दर्शक कुंदन शहांनी सोडलेलं नाही. सिनेमातल्या 'खबरदार' या नियतकालिकाची संपादिका शोभा सेन ही या दोघांना सत्याची लढाई म्हणून कामाला लावते आणि पुरावा हाती येताच सौदा करायला बसते. भूमिका भक्ती बर्वेंची. 'ती फुलराणी'मध्ये ज्यांनी त्यांना पाहिलं होतं, त्यांना इथलं ते गोड, थंड हसू जास्तच झोंबलं असणार. तुमच्या यादीत तिचा उल्लेख नव्हता, हे मी योगायोग समजतो.

आमच्या सोसायटीत गणपतीत पार्किंगमध्ये पडदा लावून हा सिनेमा दाखवला होता. पोरं खुर्च्यांवरून खाली पडेस्तोवर हसत होती. वरच्या मजल्यावरच्या काकू शवपेटीचा प्रसंग सुरू झाल्यावर उठून गेल्या. त्यांच्या घरी त्याच वर्षी दुःखद प्रसंग झाला होता, त्यांना कोण काय म्हणणार? पण मी बघत होतो ते पालिकेच्या रस्ते खात्यातून निवृत्त झालेल्या आमच्या काकांकडे. ते एकदाही हसले नाहीत आणि जागचे हललेही नाहीत. दिवे लागल्यावर कमिटीतल्या एकाने विचारलं, 'काय काका, आवडला नाही?' ते म्हणाले, 'फाइल अशीच फिरते रे.' आणि प्लास्टिकच्या खुर्च्या एकात एक घालायला लागले.

हा सिनेमा १९८३ चा. एनएफडीसीचा, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा पैसा, तोही सात लाखांच्या आतबाहेर, आणि पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेल्या दिग्दर्शकाचा पहिलाच चित्रपट. त्याआधीच्या वर्षीच, १९८२ च्या जानेवारीत, बिल्डरांकडून देणग्या घेऊन सिमेंट वाटल्याच्या आरोपावरून महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावं लागलं होतं. तेव्हाच्या मुंबईकराला त्यातलं काहीच उपरं वाटलं नसणार. तरी थिएटरात तो फारसा चालला नाही. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं ते पुढे, दूरदर्शनमुळे. २०१२ मध्ये स्वच्छ केलेली प्रत पुन्हा पडद्यावर आली तोवर त्याची गणती 'अभिजात विनोदी'मध्ये झाली होती. म्हणजे कडवटपणा तेवढा गाळून आपण तो पचवला.

२०१९ च्या मार्चमध्ये सीएसएमटीजवळचा पादचारी पूल कोसळला. काही महिन्यांपूर्वीच्या ऑडिटमध्ये तो ठाकठीक ठरला होता. पुढे ऑडिटरला, अभियंत्यांना अटक झाली. त्या आठवड्यातही डिमेलोवरचे विनोद फिरत होते आणि मलाही ते आले. पुढे पाठवायला हात धजला नाही.

प्रेताची विटंबना हा त्या वाचकांचा आक्षेप मात्र मला अर्धाच पटतो. डिमेलोसाठी या सिनेमात एकही माणूस मनापासून रडत नाही. प्रत्येकाला त्यांचा देह हवा आहे तो फक्त दुसऱ्याला अडकवायला किंवा स्वतः सुटायला. विटंबना करतात ती ही माणसं. दिग्दर्शक ती दाखवतो. पण हे कळूनही एखाद्याला बघवलं नाही, तर त्याला अरसिक ठरवायचा अधिकार आपल्याला कुणी दिला? ज्या सिनेमाने अस्वस्थ करायचं ठरवलंय, तो पाहून अस्वस्थ होणारा प्रेक्षक नापास कसा?

तेव्हा पुढच्या वेळी यादी छापताना 'निखळ' हा शब्द काढावा आणि शेवट कडू आहे एवढं एका ओळीत सांगावं, म्हणजे काकूंसारख्यांना आधीच ठरवता येईल. विनोदी सिनेमांच्या यादीत जागा नसेल, तर पान तीनवर, महापालिकेच्या बातम्यांशेजारी टाका. चालेल.

आपला,
एक वाचक, ठाणे