नाव एक, जाती किती?

महोदय,

शेवाळींच्या (इंग्रजीत मॉस) जगभरच्या प्रसाराविषयी काल आपण छापलेला लेख वाचला. दोन दूरच्या खंडांवर एकच शेवाळी आढळते, म्हणजे खंड एकसंध होते तेव्हापासून ती तिथे असणार, हा निष्कर्ष लेखकमहाशयांनी ज्या सहजतेने काढला आहे, तिचा हेवा वाटतो. अनेक शेवाळींचे बीजाणू अवघे दहा-वीस मायक्रोमीटरचे असतात आणि त्यांना वारा पुरतो. दक्षिण गोलार्धात निरनिराळ्या ठिकाणच्या शेवाळींमधील साम्याचा मेळ अंतरापेक्षा वाऱ्याच्या वाटांशी अधिक बसतो, हे वनस्पतिशास्त्रज्ञ हेसूस मुन्योस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्येच दाखवले आहे. टेट्राप्लोडॉन या विष्ठेवर वाढणाऱ्या शेवाळीचे बीजाणू तर चिकट असतात व माश्यांच्या अंगाला लागून एका विष्ठेवरून दुसरीवर जातात. तरीही ही प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट) उत्तरेकडील थंड प्रदेशांत आहे आणि थेट दक्षिण अमेरिकेच्या टोकाशीही आहे. डीएनएवरून तिच्या तिथल्या आगमनाचा जो काळ निघतो, तो खंड विलग झाल्यानंतर फार उशिराचा आहे. दूरवर स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या पिसांत शेवाळींचे सूक्ष्म तुकडे सापडल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. लेखात पक्ष्यांना जागा मिळालेली नाही.

मुळात दोन्हीकडची शेवाळी एकच आहे, हे ठरवले कोणी? पाने बहुधा एका पेशीइतक्या जाडीची आणि ओळखीची लक्षणे मोजकी. ग्रिमिया लेव्हिगाटा ही जगभर पसरलेली म्हणून प्रसिद्ध असलेली जाती २००६ मध्ये कॅलिफोर्नियातील नमुन्यांच्या डीएनएवरून एक नसून दोन असल्याचे निघाले. याच ग्रिमिया प्रजातीचे, पानांच्या टोकांना पांढरे केस असलेले दोन पुंजके मी एकाच खडकावरून, एक माथ्यावरच्या उन्हातून आणि दुसरा सावलीतल्या फटीतून काढून, वेगवेगळ्या पाकिटांत व स्वतंत्र नोंदींसह एका वनस्पतिसंग्रहाकडे सुपूर्द केले होते. जाती एकच असल्यामुळे दोन्ही नमुने एका पाकिटात ठेवून जागा वाचवली आहे, अशी पोच आली. जागा वाचली खरी. परंतु आता उन्हातला तुकडा कोणता आणि सावलीतला कोणता, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही, आणि उद्या कोणी त्यांचा डीएनए तपासून दोन जाती वेगळ्या काढल्याच, तरी कोणती कुठे वाढत होती हे कायमचे गेले. मी निषेधाचे पत्र पाठवले, तेव्हा उत्तरादाखल माझ्या उत्साहाबद्दल आभार मानण्यात आले. अशाच पाकिटांवरून प्रसाराचे नकाशे तयार होतात आणि त्या नकाशांच्या आधारे आपले लेखक खंड जोडतात.

जाता जाता आणखी एक. लेखासोबतच्या छायाचित्रात शेवाळी नसून दगडफूल आहे. ते बुरशी आणि शैवल यांच्या सहजीवनातून बनते. कृपया दुरुस्ती छापावी. मागे नेच्याच्या चित्राबाबत मी कळवले होते, तीही दुरुस्ती अद्याप पाहण्यात आलेली नाही.

आपला,
एक वाचक