मेसच्या टेबलावरचा षटकोन

चि. मनू हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

रविवारी तू फोनवर चक्कर आल्याचे आणि हिमोग्लोबिन कमी निघाल्याचे इतक्या सहज सांगितलेस की, फोन ठेवल्यानंतरच बाबांना त्याचा अर्थ लागला. नव्या मुलींसाठी तुझे ते, उमलवले की आत दडलेला नवा रंगीत चेहरा वर आणणारे कागदी षटकोन करता करता मेसची वेळ टळते आणि तू बिस्किटे खाऊन निजतेस, हेही तुझ्याच तोंडून निसटले. या पत्रात जेवणाविषयी लिहायचे नाही असे ठरवले आहे, म्हणून कागदाविषयी लिहिते.

नानांच्या हिशेबाच्या वहीतली लांब कोरी पाने तुला आठवत असतील. तीन चेहऱ्यांच्या षटकोनाला 10 समभुज त्रिकोणांची पट्टी पुरते, पण सातवीत असताना तू एकदम 19 त्रिकोणांची, सहा चेहऱ्यांची पट्टी घेऊन बसलीस. शेवटचा त्रिकोण केवळ चिकटवण्यापुरता असतो, आणि प्रत्येक रेघेवर दोन्ही बाजूंनी कडक घडी घातली नाही तर षटकोन उमलत नाही, हे तूच मला शिकवलेस. तेच तीन चेहरे पुन्हा पुन्हा येत आणि उरलेले तीन लपून राहत, तेव्हा आम्ही कंटाळून उठलो. तू मात्र एकच कोपरा उघडेनासा होईपर्यंत धरून ठेवलास, मग शेजारच्या कोपऱ्याकडे वळलीस आणि सहाही रंग काढून दाखवलेस. ही वाट अमेरिकेतल्या ब्रायंट टकरमन या गणिताच्या विद्यार्थ्याने आधीच काढली होती, हे आपल्याला पुष्कळ नंतर कळले. त्या दिवशी माई सगळ्या आळीला सांगत हिंडल्या. त्या दिवशीही तुझे ताट झाकूनच ठेवले होते.

पाहा, विषय आलाच. पण यात माझ्या बाजूने एक साक्ष आहे. 1939 मध्ये आर्थर स्टोन इंग्लंडहून अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठात शिकायला गेले. अमेरिकेतले रुंद कागद त्यांच्या इंग्लिश फायलीत मावेनात, म्हणून ते कडा कापत आणि त्या पट्ट्यांना घड्या घालत. त्यातून हा षटकोन निघाला, आणि टकरमन, रिचर्ड फाइनमन, जॉन टुकी हे त्यांचे तिथले सोबती त्यात रमले. लेखक मार्टिन गार्डनर यांनी डिसेंबर 1956 मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात ही हकीकत लिहिली. तिच्यात असे आहे की, हे षटकोन तिथल्या मुलांच्या दुपारच्या आणि रात्रीच्या जेवणाच्या टेबलांवर दिसू लागले होते. ती मुले जेवायला जात होती, मनू.

हे व्याख्यान झाले, राग मानू नकोस. तू स्वतःच्या मौजेसाठी काही करतेस आणि इतरांना त्यात ओढतेस, याचा मला फार अभिमान आहे; तो छंद सुटावा असे मला मुळीच वाटत नाही. परंतु बेबीमावशीचेही असेच अशक्तपणापासून सुरू झाले होते, आणि रात्री जाग आली की मला तेच आठवते. तेव्हा त्या मुलींना खोलीत न बोलावता मेसमध्ये बोलाव, पट्ट्या तिथेच मुडपा, आणि डिंक मात्र ताट उचलल्यावर काढा.

आखून ठेवलेल्या पट्ट्या आणि अळिवाचे लाडू कुरिअरने पाठवले आहेत. गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस. बाबा शुक्रवारी फोन करतील, त्यांना हिमोग्लोबिनचा आकडा खरा सांग.

तुझी,
आई