‘त्या काळात तसंच चालायचं’ हे खरं नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेले तीन आठवडे आपल्या वाचकपत्रांच्या पानावर युरोपातल्या साम्राज्यांवरून वाद चाललाय, रोज वाचते. एकांनी लिहिलं की बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाने काँगोत रबरासाठी माणसांचे हात तोडले, त्यामानाने इंग्रज बरे, निदान कायद्याने चालायचे. दुसऱ्यांनी जर्मनांनी 1904 मध्ये हेरेरो लोकांना वाळवंटात हाकलून मारलं त्याचा दाखला दिला. आणि परवा एका जाणत्या गृहस्थांनी सगळ्यांना गप्प करायला लिहिलं की जुन्या गोष्टींना आजचं माप लावू नका, त्या काळात जगभर तसंच चालायचं. हे शेवटचं वाक्य मला दोन दिवस झोपू देईना म्हणून लिहितेय.

माझे मिस्टर नोकरीनिमित्त केनियात, नैरोबीत होते, 2001 ते 2007 आम्ही तिथे राहिलो. आमच्याकडे कामाला येणारी बाई किकुयू जमातीची होती, न्येरी गावाकडची. तिची आजी कधीमधी यायची, तिला सगळे शोशो म्हणायचे, किकुयूत आजीला शोशोच म्हणतात. म्हातारी फार बोलायची नाही. 2003 मध्ये सरकारने माऊ माऊ संघटनेवरची, म्हणजे इंग्रजांविरुद्ध बंड केलेल्या किकुयूंच्या संघटनेवरची, बंदी उठवली (म्हणजे स्वातंत्र्यानंतरही चाळीस वर्षं ती बंदी कायद्यात तशीच होती, मला हे तेव्हाच कळलं) आणि त्यानंतर एके दुपारी ती आमच्या मागच्या अंगणात बसून बोलायला लागली, नात स्वाहिलीत सांगायची आणि मला जमेल तेवढं मी समजून घ्यायचे. तिने हातातली काठी उभी धरली आणि दुसरा हात डोक्याच्याही वर नेला, खंदक एवढा खोल होता म्हणाली. मग वाकून काठीचं टोक मातीत खुपसलं आणि थोड्या थोड्या अंतरावर भोकं पाडत गेली, तळाशी बांबूचे टोकदार खुंटे असे ठोकायचे. तो खंदक तिने आणि गावातल्या बायकांनीच खणला होता, पाठीला पोर बांधून, कुणी पोलिसाच्या नजरेत थांबलं की फटका. खंदक कुणाला अडवायला, तर त्यांनाच. जंगलात लढणाऱ्या आपल्या माणसांना अन्न पोचवू नये म्हणून आधी इंग्रजांनी त्यांची घरं जाळली आणि मग त्यांना अशा कोंडलेल्या गावात आणून टाकलं. दिवसातून थोडा वेळ सुटका, त्यात पाणी, सरपण, शेत सगळं. तिचं धाकटं पोर त्या गावात दगावलं, कशाने ते तिला सांगता आलं नाही, खायला नव्हतं एवढंच म्हणाली.

ही एका म्हातारीची आठवण झाली, कुणी म्हणेल पुरावा काय, म्हणून जे नोंदीत आहे ते सांगते. केनियातली सुपीक डोंगराळ जमीन गोऱ्यांसाठी राखून ठेवलेली, तिथले लोक आपल्याच जमिनीवर गोऱ्यांकडे राबायचे, आणि पुरुषांना गळ्यात पत्र्याच्या डबीत ओळखपत्र अडकवून फिरावं लागायचं, त्याला किपांडे म्हणायचे. त्यातून बंड उभं राहिलं. 20 ऑक्टोबर 1952 ला गव्हर्नर इव्हलिन बेरिंगने आणीबाणी जाहीर केली, किकुयूंचे पुढारी जोमो केन्याटांना पकडलं. एप्रिल 1954 मध्ये ऑपरेशन अँव्हिलमध्ये नैरोबी शहराला वेढा घालून हजारो किकुयूंना ट्रकमध्ये भरून छावण्यांत नेलं. खुद्द ब्रिटिशांच्या हिशेबाने 1954 च्या अखेरीला 70 हजारांच्या वर माणसं विनाखटला आत होती, आणि सुमारे दहा लाख लोक, मुख्यतः बायका, पोरं, म्हातारे, शोशोसारख्या कोंडलेल्या गावांत. खटले ज्यांचे झाले त्यातल्या हजारावर माणसांना फाशी दिलं, 1090 हा आकडा इतिहासकारांनी कोर्टाच्या कागदांतून काढलाय. नुसती माऊ माऊत येण्याची शपथ दिली म्हणून फाशी, जवळ काडतूस सापडलं म्हणून फाशी. माऊ माऊचा पुढारी देदान किमाथीला 18 फेब्रुवारी 1957 ला लटकवलं ते रिव्हॉल्व्हर बाळगलं या गुन्ह्यासाठी. निदान कायद्याने चालायचे म्हणणाऱ्यांनी हे बघावं, हे सगळं कायद्यानेच चाललं होतं, रीतसर वटहुकूम काढून.

माऊ माऊने काय केलं तेही सांगायला हवं, नाहीतर मी एकच बाजू सांगितली असं होईल. मार्च 1953 मध्ये लारी गावात त्यांनी सरकारच्या बाजूच्या किकुयूंची घरं पेटवली, आतले लोक बहुतेक बायका-पोरं होती. ते भयंकर होतं आणि शोशोसुद्धा त्याबद्दल मान खाली घालून बोलायची. पण गोरे नागरिक पूर्ण बंडात मेले ते 32, आणि सरकारी आकड्यातच मारलेले बंडखोर 11 हजारांच्या वर.

आता त्या काळच्या मापाबद्दल. माझं म्हणणं एवढंच आहे की ते माप त्याच काळात, त्याच इंग्रजांपैकी काहींनी लावलं होतं आणि त्यांना कुणी ऐकलं नाही. आर्थर यंग नावाचा लंडनचा नावाजलेला पोलीस अधिकारी केनियाचा पोलीस कमिशनर म्हणून पाठवला, आपल्याच माणसांनी केलेल्या मारहाणीचा तपास करू देईनात म्हणून त्याने वर्षाच्या आत, डिसेंबर 1954 मध्ये राजीनामा दिला, आणि त्याचं राजीनाम्याचं पत्र सरकारने बाहेर येऊ दिलं नाही. आयलीन फ्लेचर ही क्वेकर, म्हणजे हिंसा न मानणाऱ्या ख्रिस्ती पंथाची बाई छावण्यांत काम करून आली आणि 1956 मध्ये तिने लहान मुलींना कसं कैदेत ठेवलंय ते इंग्लंडात छापून सांगितलं. मजूर पक्षाच्या खासदार बार्बरा कॅसल पार्लमेंटमध्ये वर्षानुवर्षं प्रश्न विचारत राहिल्या. ही माणसं काही आजची नाहीत.

आणि सगळ्यात जड पुरावा करणाऱ्यांचाच आहे. एरिक ग्रिफिथ-जोन्स हा केनियाचा अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा सगळ्यात मोठा वकील. 1953 मध्ये त्यानेच बेरिंगला कळवलं होतं की छावण्यांतली वागणूक नाझी जर्मनीची आठवण करून देते. हिटलरला हरवून आठ वर्षंच झाली होती, त्याला बरोबर माहीत होतं तो काय म्हणतोय. तोच माणूस 1957 मध्ये छावणीतल्या मारहाणीचे नियम ठरवताना लिहितो की प्लीहा, यकृत, मूत्रपिंडावर मारू नये आणि मारणाऱ्याने शांत, निर्विकार राहावं. आणि त्याचंच वाक्य आहे, पाप करायचंच असेल तर गुपचूप केलं पाहिजे. पाप हा शब्द त्याने स्वतः वापरलाय हो, मी नाही. त्या काळात चालायचं असं वाटत असतं तर गुपचूप कशाला म्हटलं असतं?

3 मार्च 1959 ला होला छावणीत काम करायला नकार देणाऱ्या कैद्यांना मारून मारून 11 जण ठार केले. सरकारने आधी सांगितलं की टँकरचं पाणी पिऊन मेले. पोस्टमॉर्टेममध्ये खरं बाहेर आलं. त्यावर पार्लमेंटमध्ये जे सगळ्यात कडक भाषण झालं ते सत्ताधारी पक्षाच्या इनॉक पॉवेलचं होतं, पुढे बाहेरून आलेल्या लोकांविरुद्ध बोलून बदनाम झाला तोच हा. तो म्हणाला आफ्रिकेत आफ्रिकेचं माप, आशियात आशियाचं आणि घरी ब्रिटिश माप असं आपल्याला करता येणार नाही. 1959 सालीच हे सांगून झालंय आणि आपण आज तेच पुन्हा वाद घालतोय.

मराठी वाचकांना हे लांबचं वाटू नये म्हणून एक सांगते, मी साताऱ्याची आहे. आमच्या औंधचे अप्पासाहेब पंत, औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे चिरंजीव, 1948 मध्ये भारताचे पहिले कमिशनर म्हणून नैरोबीला गेले. त्यांच्या घरी आफ्रिकी पुढाऱ्यांचं येणं-जाणं, आफ्रिकी मुलांना भारतात शिकायला स्कॉलरशिप, हे इंग्रजांना इतकं खुपलं की त्यांनी नेहरूंकडे तक्रारी केल्या आणि शेवटी अप्पासाहेबांना तिथून हलवावं लागलं. पिओ गामा पिंटो हे गोव्याच्या आईबापांचं नैरोबीत जन्मलेलं पोर, माऊ माऊला मदत केली म्हणून 1954 मध्ये त्याला पकडून मांडा बेटावर ठेवलं. केन्याटांच्या खटल्यात बचावाला भारतातून वकील दिवाण चमनलाल गेले होते. हेही खरं की तिथल्या आपल्या बऱ्याच व्यापारी मंडळींनी तेव्हा तोंड बंद ठेवलं आणि मला नैरोबीत भेटलेले जुने गुजराती, मराठी लोक त्या वर्षांबद्दल विचारलं की विषय बदलायचे. पण औंधचा माणूस, गोव्याचा माणूस त्या काळात तिथे उभा राहून हे चूक आहे म्हणत होता, मग आपण इथे सत्तर वर्षांनी बसून तेव्हा चालायचं कसं म्हणायचं?

12 डिसेंबर 1963 ला केनिया स्वतंत्र झाला, त्याआधी गोऱ्यांनी फाइली जाळल्या, आणि ज्या जाळल्या नाहीत त्या विमानाने इंग्लंडला नेऊन लपवल्या. जवळपास पन्नास वर्षं सरकार म्हणत होतं असे काही कागद नाहीत. 2009 मध्ये केनियाचे पाच म्हातारे-म्हाताऱ्या लंडनच्या कोर्टात गेले, पुरुषांपैकी काहींना छावणीत खच्ची केलेलं, बायकांवर बाटल्यांनी अत्याचार केलेले. 2011 मध्ये त्या खटल्याच्या रेट्याने हॅनस्लोप पार्क नावाच्या सरकारी जागेतून 37 जुन्या वसाहतींच्या सुमारे 8800 फाइली बाहेर निघाल्या. जून 2013 मध्ये परराष्ट्रमंत्री विल्यम हेग यांनी पार्लमेंटमध्ये खेद व्यक्त केला आणि 5228 जणांसाठी, खटल्याचा खर्च धरून, 1 कोटी 99 लाख पौंड कबूल केले. खेद, माफी नाही, आणि जबाबदारी अजूनही कायद्याने मान्य केलेली नाही.

शोशो तोवर वारली होती. असती तरी त्या यादीत आली नसती, तिच्याकडे कसलाच कागद नव्हता. नंतर तिच्यासारख्या 40 हजार लोकांनी वेगळा दावा लावला तो 2018 मध्ये फेटाळला, फार वर्षं झाली, आता नीट सुनावणी होऊ शकत नाही म्हणून. हे मी तिच्या नातीला फोनवर विचारलं तर ती म्हणाली मामा (तिकडे मोठ्या बाईला असं म्हणतात), उशीर आम्ही नाही केला.

नैरोबीच्या उहुरू पार्कमध्ये 2015 मध्ये एक स्मारक उभं राहिलं, त्याला पैसे ब्रिटिश सरकारनेच दिलेत. एक बाई माऊ माऊच्या माणसाला टोपलीतून अन्न देतेय आणि दोघं एकमेकांकडे बघत नाहीयेत, पकडले गेलो तर ओळख पटवता येऊ नये म्हणून. मी ते फक्त फोटोत बघितलंय. नातीने पाठवला होता, खाली लिहिलं होतं, आमची शोशो.

आपली,
एक वाचक, सातारा