गोळा सापडला

प्रिय नंद्या,

पत्र बघून दचकू नकोस, कोणी गेलेलं नाही. व्हॉट्सॲपवर तीनदा लिहायला घेतलं आणि तीनदा पुसलं. दिवाळीनंतर तुला फोन नाही, त्याबद्दलच्या शिव्या भेटलो की घाल. तब्येत ठीक. शुगर आहे तिथेच आहे. आईला ऐकू कमी येतं, बाकी खणखणीत.

तर झालं असं. गावाकडचं घर रंगवायला काढलं म्हणून आईच्या पलंगाखालची ट्रंक बाहेर ओढली. तळाशी, दादांच्या खाकी कोटात गुंडाळलेला एक लोखंडी गोळा. क्रिकेटच्या चेंडूएवढा, पण हातात घेतला की मनगट खाली जातं. अंगावर खाचा आणि घासलेली इंग्रजी अक्षरं. रंगारी दोन पावलं मागे सरला, त्याच्या मते बॉम्ब. आमची ही म्हणाली, कुणी तरी दिलेला शाळिग्राम असेल, आणि मी नको म्हणेपर्यंत हळदकुंकू लावून मोकळी. पुतण्याने फोटो काढून मोबाइलला विचारलं, त्याने जिमचं सामान सांगितलं. दादा आणि जिम! दोन दिवस तो गोळा देव्हाऱ्यात बसून होता. तिसऱ्या दिवशी पुण्याला आणला आणि खालच्या मजल्यावरच्या काकांना दाखवला. ते रेल्वेत सिग्नल मेंटेनर होते. त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही. म्हणाले, "नील्सचा टोकन बॉल. तुमच्याकडे कसा?"

नंद्या, मी मटकन खाली बसलो.

चालत्या गाडीला द्यायची ती वेताची रिंग आपण स्टेशनात रोज पाहायचो, तिला अडकवलेली चामड्याची थैलीही पाहायचो. आत काय असतं ते कधी पाहिलं होतं का? तू ठामपणे सांगायचास की आत ड्रायव्हरला चिठ्ठी असते, आणि पाच गोट्यांची पैज लावली होतीस. त्या पाच गोट्या आता दे.

काकांनी कागदावर काढून समजावलं. एकेरी लाइन, दोन स्टेशनं, दोन्हीकडे एकेक लाल यंत्र, तारेने एकमेकांना बांधलेलं. इकडच्या मास्तरने घंटा द्यायची, तिकडच्याने रुकार द्यायचा, तेव्हा यंत्रातून एक गोळा सुटतो. तो बाहेर आहे तोवर दोन्हीकडच्या कुठल्याच यंत्रातून दुसरा निघत नाही. म्हणजे ज्याच्या हातात गोळा, त्याचीच लाइन. गाडी पुढच्या स्टेशनात पोचली की तिथल्या यंत्रात गोळा टाकायचा, तेव्हा कुठे काटा 'लाइन क्लोज्ड'वर येतो. शेजारच्या सेक्शनचा गोळा चुकून आला तर तो आत बसूच नये म्हणून त्या खाचा. आणि हरवला तर? काका म्हणाले, "हरवला तर सगळं अडलं. यंत्र बंद ठेवायचं, पेपर लाइन क्लिअर, म्हणजे कागदावरची परवानगी, लिहून एकेक गाडी सोडायची, इन्स्पेक्टर येऊन यंत्रं जुळवून देईपर्यंत. आणि मास्तरची चौकशी."

मास्तरची चौकशी. हे त्यांनी किती सहज म्हटलं.

७९ चा श्रावण तुला मी काय सांगायचा? इंजिनातल्या फायरमनच्या हातातून रिंग निसटली, गाडी पुढे जाऊन थांबली. रिंग सापडली, थैली सापडली, थैलीत काही नाही. पेट्रोमॅक्स घेऊन सगळी कॉलनी चरात उतरली होती. आपण दोघं गुडघाभर चिखलात काय शोधतोय हे माहीत नसताना शोधत होतो. मग ते मिरजेहून आलेले साहेब, मास्तर म्हणून तुझ्या अण्णांची थांबलेली इन्क्रिमेंट, आणि तुमचं सामान मालडब्यात चढलं तो दिवस. तू माझ्याशी बोलला नाहीस. नंतर कॉलेजात भेटलास तेव्हा एकदाच म्हणालास, "तुझ्या बापाने थैलीचं बक्कल लावलं नव्हतं." मी तुला मारलं होतं. तुझा तो दात अजून हलतो का?

बक्कल आपण स्वतः लावलं होतं, असं दादा मरेपर्यंत सांगत होते. चौकशीतही तेच सांगितलं. वर हेही सांगितलं की गोळा थैलीत मास्तरांनी स्वतःच्या हाताने टाकला होता. हे मला परवापर्यंत माहीत नव्हतं, आईने सांगितलं. तिच्या कानाशी ओरडून विचारावं लागलं, त्यामुळे आता शेजाऱ्यांनाही माहीत आहे. गोळा पुढच्या उन्हाळ्यात चर आटल्यावर दादांनाच सापडला. घरी आणला, तिच्या हातात दिला, म्हणाले, "ठेव, आणि विचारू नको." तेव्हा तुमची बदली होऊन गेली होती. परत केला असता तर, इतके दिवस कुठे होता, हा प्रश्न आला असता. पाइंटमनची नोकरी, चार पोरं. समजू शकतं. आणि समजूही शकत नाही, कारण अण्णा त्यानंतर कितीतरी वर्षं होते. दादा त्यांना दसऱ्याला सोनं द्यायला जायचे, आठवतं? तुमच्या ओट्यावर बसून चहा प्यायचे. घरी ट्रंकेत हा.

परवा वाचत बसलो. १८७४ मध्ये इंग्लंडात नॉर्विचजवळच्या थॉर्प गावी एकेरी लाइनवर दोन गाड्या समोरासमोर धडकल्या, २५च्या आसपास माणसं गेली. एकाने तार पाठवली, दुसरा म्हणतो मी पाठव म्हटलंच नव्हतं, आणि तारेच्या कागदावर सहीच नाही. त्यानंतर १८७८ मध्ये टायर नावाच्या माणसाने असलं पहिलं यंत्र काढलं. तोंडी सांगण्यावर गाडी सोडायची नाही, हातात वस्तू पाहिजे. आपल्याकडचा गोळा त्याच घराण्यातला. वस्तू हातात आली म्हणजे तरी खरं कळेल असं मला वाटत होतं. गेला आठवडाभर ती टेबलावर आहे. बक्कलाबद्दल ती काही सांगत नाही.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना? वहिनींना नमस्कार. मुलीचं घराचं काम कुठवर आलं ते कळव. घाईत लिहितोय, राग मानू नकोस.

गोळा मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलाय. रेल्वेला द्यायचा की तुला, ते तू सांग. पोस्टाने पाठवणार नाही. तू म्हणशील तेव्हा घेऊन येतो. पण त्याआधी एक विचारायचंय, आणि ते फोनवर विचारायची माझी हिंमत नाही. त्या रात्री मी झोपलो होतो. तू अण्णांचा डबा घेऊन स्टेशनात गेला होतास, गाडी यायच्या आधी. तू तिथे होतास. बक्कल लावताना तू पाहिलं होतंस का?

तुझा,
बंड्या