कव्हर लेटरचा मसुदा वाचला, त्याबद्दल

चि. मुक्ता हिस अनेक आशीर्वाद.

भोसरीच्या कारखान्यातल्या अकाउंट्सच्या नोकरीसाठी तू लिहिलेल्या कव्हर लेटरचा मसुदा वाचला. व्याकरण ठीक आहे, नम्रता तर गरजेपेक्षा जास्तच आहे. पण भोसरीच्या कारखान्याचं नाव खोडून तिथे एखाद्या हॉस्पिटलचं टाकलं, तरी बाकी पत्र जसंच्या तसं चालेल. असं पत्र वाचणारा दोन ओळींत सोडून देतो आणि थेट रेझ्युमे उघडतो.

जाहिरात पुन्हा वाच, या वेळी हातात पेन्सिल घेऊन. टॅली प्राइम, जीएसटी, टीडीएस, एक्सेल हे चार शब्द अकाउंट्सच्या जवळपास प्रत्येक जाहिरातीत सापडतात. खरी ओळ शेवटची आहे: ‘जॉब वर्कचा अनुभव असल्यास प्राधान्य’. सुटे भाग बनवणारे कारखाने प्लेटिंगला, हीट ट्रीटमेंटला माल बाहेर पाठवतात, तेच जॉब वर्क. चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, गेलेला कच्चा माल वर्षभरात परत आला नाही, तर तो पाठवला त्याच दिवशी पुरवला असं कायदा धरतो आणि कर व्याजासकट भरावा लागतो. म्हणून त्यांना चलनांचा माग ठेवणारं माणूस हवं आहे. सीएच्या ऑफिसात तू आयटीसी-04 चं, म्हणजे जॉब वर्कला गेलेल्या मालाच्या विवरणपत्राचं, काम केलं आहेस, ते तुझ्या रेझ्युमेत दुसऱ्या पानाच्या तळाशी दडलंय आणि पत्रात तर त्याचा पत्ताच नाही. ते पहिल्या परिच्छेदात आण. कोणत्या पदासाठी अर्ज, जाहिरात कुठे पाहिली आणि हे काम, एवढं तीन वाक्यांत बसतं.

दुसरा परिच्छेद पुराव्याचा, आणि सगळ्यात जास्त मेहनत इथेच घे. ‘जीएसटीचं चांगलं ज्ञान आहे’ हे वाक्य काढून टाक, ते सगळेच लिहितात. त्याऐवजी काय केलंस ते लिही: दर महिन्याच्या 14 तारखेला जीएसटीआर-2बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांचं जीएसटी पोर्टलवरचं पत्रक, आलं की खरेदीच्या नोंदी त्याच्याशी ताडून पाहणं, न दिसणारी बिलं पुरवठादारानुसार वेगळी काढणं, आणि 20 तारखेला 3बी हे महिन्याचं जीएसटी विवरणपत्र भरायच्या आत त्या पुरवठादारांना फोन करणं. बिल 2बीमध्ये नसेल तर त्यावरच्या कराचं क्रेडिट घेता येत नाही, हे अकाउंट्स मॅनेजरला रोजचं आहे. त्यामुळे हे वाचून त्याला कळेल की या मुलीने काम हाताने केलंय. महिन्याला साधारण किती बिलं असायची तो आकडा घाल, पण खरा. दीडशेची पाचशे करू नकोस, मुलाखतीत त्या आकड्यावरच प्रश्न येतात आणि दुसऱ्या प्रश्नाला उत्तर अडखळतं. अशिलांची नावं मात्र लिहायची नाहीत. ‘वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक कारखाना’ इतकं पुरे. जी दुसऱ्याच्या वह्या आज उघड करते ती उद्या आपल्याही करेल, असं वाचणाऱ्याला वाटतं.

टीडीएस तुला फारसं येत नाही, तर ते लपवू नकोस आणि त्याची माफीही मागू नकोस. टीडीएसचा कर भरायची चलनं भरली आहेत, तिमाही विवरणपत्र स्वतः भरलेलं नाही, हे एका वाक्यात सांग आणि पुढे जा. शेवटच्या परिच्छेदात कधी रुजू होऊ शकतेस आणि मोबाइल नंबर. पगाराची अपेक्षा त्यांनी विचारली असेल तरच.

लांबी अडीचशे-तीनशे शब्द, त्याहून जास्त नको. ‘विथ ड्यू रिस्पेक्ट आय बेग टू स्टेट’ ही शाळेच्या रजेच्या अर्जातली ओळ कृपा करून काढ. ‘मायसेल्फ मुक्ता’ही नको. वडिलांचं नाव, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती, छंद यांचं इथे काही काम नाही, आपण स्थळाला बायोडेटा पाठवत नाही आहोत. एआयकडून पत्र लिहून घेतलंस तर ‘आय अ‍ॅम थ्रिल्ड टू अप्लाय’ छापाची तीच वाक्यं येतील, जी त्या दिवशी आणखी वीस जणांनी पाठवलेली असतील. स्पेलिंग तपासायला वापर, पण मजकूर तुझा असू दे. मॅनेजरचं नाव जाहिरातीत असेल तर नावाने सुरुवात कर, नसेल तर ‘डिअर हायरिंग मॅनेजर’.

आता पाठवताना. ईमेलवर अर्ज मागवला असेल तर पत्र ईमेलमध्येच लिही. वेगळी फाइल जोडून ईमेलमध्ये ‘प्लीज फाइंड अटॅच्ड’ एवढंच लिहिलं की ती फाइल बहुतेक वेळा उघडलीच जात नाही. पोर्टलवर वेगळं अपलोड मागितलं असेल तर मात्र पीडीएफ. वर्ड फाइल मोबाइलवर उघडली की मांडणी विस्कटते. फाइलला तुझं नाव आणि पद दे, ‘फायनल न्यू 3’ नको. विषयाच्या ओळीत पदाचं नाव, जाहिरातीत असेल तर क्रमांक, मग तुझं नाव. जुन्या पत्रातून मजकूर चिकटवशील तेव्हा साधा मजकूर म्हणून चिकटव, नाहीतर मधलाच एखादा परिच्छेद वेगळ्या अक्षरात दिसतो आणि पत्र कुठून उचललंय ते कळतं. आधी रेझ्युमे जोड, मग पत्र लिही, समोरच्याचा पत्ता सर्वांत शेवटी टाक. म्हणजे अर्धवट पत्र चुकून जात नाही. आधार, पॅन, गुणपत्रिका आत्ता पाठवायच्या नाहीत. आणि अर्जासाठी कुणी पैसे मागितले तर तिथेच थांब.

आठवडा-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर त्याच ईमेलला जोडून दोन ओळींची आठवण पाठव, एकदाच. जाहिरातीत शेवटची तारीख दिली असेल तर हे दिवस त्या तारखेपासून मोज.

नवा मसुदा शनिवारपर्यंत पाठव. बाबांनाही दाखव, स्पेलिंगच्या चुका त्यांच्या नजरेतून सुटत नाहीत.

तुझी,
आई