वॉरंटीतल्या कंट्रोलरवर ‘पडल्यामुळे नुकसान’ असा शेरा मारल्याबद्दल तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : डाव्या स्टिकचा ड्रिफ्ट, वॉरंटी नाकारल्याबाबत

महोदय,

मागच्या वर्षी गणपतीच्या आधी मी तुमच्या कंपनीचा व्हिडिओ गेम खेळायचा कंट्रोलर ५,४९९ रुपयांना घेतला. वॉरंटी एक वर्षाची. नवव्या महिन्यात त्याला ड्रिफ्ट सुरू झाला, म्हणजे डाव्या स्टिकला, अंगठ्याने हलवायच्या त्या छोट्या दांडीला, बोटही न लावता गेममधला खेळाडू डावीकडे सरकत राहतो. संगणकाला जोडून तपासलं, तर स्टिक मोकळी सोडल्यावर जिथे आकडा शून्याच्या आसपास हवा तिथे तो उणे ०.१४ वर अडकलेला होता. त्याचे फोटो सोबत जोडले आहेत.

तुमच्या नाशिकच्या सर्व्हिस सेंटरने कंट्रोलर २३ दिवस ठेवून घेतला आणि ‘पडल्यामुळे नुकसान, वॉरंटी लागू नाही’ असा शेरा मारून परत केला. दुरुस्तीचे ३,२०० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ३,७७६. पडल्याचा पुरावा काय, असं विचारल्यावर काउंटरवरच्या मुलाने उजव्या मुठीखालचा एक बारीक चरा दाखवला. तो चरा माझ्या बांगडीचा आहे. बिघाड डाव्या स्टिकमध्ये आहे. त्या मुलाविषयी माझी तक्रार नाही, तो नीट बोलला. शेरा वरून आला असं त्यानेच सांगितलं.

कंट्रोलर कसा सांभाळायचा हे मला कुणी शिकवायची गरज नाही. मी सांगलीत पाचवीत असताना मामाने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आठ बिटांचा टीव्ही गेम आणला होता. भाऊ आणि मी सुट्टीभर ‘काँट्रा’ खेळायचो. कॅसेट लागली नाही की सगळी मुलं तिच्यात फुंकर मारायची. आमचे रेडिओ दुरुस्त करणारे शेजारी ओरडले, की तोंडातल्या ओलाव्याने पट्ट्या गंजतात, खोडरबर फिरवा. तेव्हापासून खोडरबर. रिमोटची बटणं दबेनाशी झाली की चार स्क्रू काढून आतलं काळं रबर स्पिरिटने पुसायचं. तो संच आजही चालतो आणि त्याच्या वायरला कधी गाठ पडलेली नाही. नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षाच्या बचतीतून प्लेस्टेशन २ घेतला, त्याचे दोन्ही कंट्रोलर आजही धडधाकट आहेत. तुमच्या शेऱ्याने मला सर्वांत जास्त लागलं ते हेच : मी वस्तू आपटते, असं तुम्ही लेखी म्हणालात.

ड्रिफ्ट का होतो हे तुमच्या अभियंत्यांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार. स्टिकच्या बाजूला, ती किती हलली हे मोजणारे जे पोटेन्शिओमीटर असतात त्यात कार्बनच्या पातळ पट्टीवर धातूची जीभ घासत फिरते. पट्टी झिजली किंवा तिच्यावर भुकटी साठली की मधला बिंदू ढळतो. ही वापराची झीज आहे. यावर उपायही जुनाच आहे : सेगा कंपनीने १९९८ मध्ये आपल्या ड्रीमकास्ट या गेम कन्सोलच्या कंट्रोलरमध्ये हॉल सेन्सर वापरले होते. तिथे चुंबकाची हालचाल सेन्सर दुरूनच ओळखतो, त्यामुळे घासणारी पट्टीच नसते. स्वस्त सुटा भाग वापरायचा हा तुमचा निर्णय, पण मग तो नऊ महिन्यांत झिजल्याचा भुर्दंड ग्राहकाच्या माथी मारू नका. गेमच्या सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे मधल्या बिंदूभोवती स्टिकची जेवढी हालचाल गेम धरतच नाही तेवढा भाग, वाढवा, हा तुमच्या हेल्पलाइनचा सल्लाही मी करून पाहिला. सरकणं थांबतं खरं, पण मग स्टिक हलकेच ढकलली तर काहीच होत नाही आणि गाडीच्या शर्यतीत वळण बारीक कापताच येत नाही. ज्या नजाकतीसाठी चांगला कंट्रोलर घ्यायचा, तीच जाते.

हा कंट्रोलर मी स्वतः उघडला असता. सोल्डरिंगची मला सवय आहे आणि स्टिकचा भाग काही शे रुपयांत येतो. वॉरंटीचं सील तुटेल म्हणून हात लावला नाही. नियम मी पाळला.

आता माझ्या मागण्या. स्टिक विनाशुल्क बदलून द्या, किंवा नवा कंट्रोलर द्या. तो ‘पडल्यामुळे’चा शेरा माझ्या नोंदीतून काढा, किंवा आत नेमकं काय तुटलेलं आढळलं याचा तंत्रज्ञाचा लेखी अहवाल फोटोंसह पाठवा. आणि वॉरंटी संपल्यावर ज्यांना स्वतः दुरुस्ती करायची आहे त्यांच्यासाठी मूळ स्टिक सुटी विकायला ठेवा. एका पट्टीपायी अख्खा कंट्रोलर कचऱ्यात जाणं मला बघवत नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर यावं. न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार नाशिकच्या जिल्हा आयोगाकडे जाईन. कंट्रोलर मी मूळ खोक्यात, सील शाबूत ठेवून, बाजूला ठेवला आहे. तुमचा माणूस कधीही येऊन नेऊ शकतो.

आपली,
एक ग्राहक, नाशिक

सोबत : बिलाची प्रत, जॉबशीट, चाचणीचे फोटो, सीलचा फोटो