तुझी वायर माझ्याकडेच राहिली आहे

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

"नाव कुठं घालू नका आज्जी, दुकानात गिऱ्हाइकं चेष्टा करतील," असं बजावून गेलास, म्हणून नाव घालत नाही. पण पत्र मात्र चारचौघांत लिहिते आहे. रविवारी ज्यांनी ज्यांनी माझं गाणं घरबसल्या ऐकलं, त्यांतल्या बहुतेकांना वाटतंय की ती सगळी व्यवस्था कुठल्या तरी मोठ्या कंपनीची होती. तिघांनी तर माझ्याकडे त्या कंपनीचा नंबर मागितला. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानातला एकवीस वर्षांचा मुलगा आणि माझ्या टिकल्यांचं पाकीट, एवढीच ती कंपनी, हे त्यांना कळलं पाहिजे.

(मी सांगते आहे आणि भाची टाइप करते आहे. शुद्धलेखन तिचं, आगाऊपणा माझा.)

बाहेरगावच्यांसाठी आधी चार ओळी. मी सांगलीची. बेचाळीस वर्षं संगीत नाटकांत कामं केली. शारदा झाले, सुभद्रा झाले, रेवती झाले, केस पिकल्यावर शारदेची आईही झाले. दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून खुबा मोडला आणि तेव्हापासून गावभागातल्या वाड्याची ही माडी सुटत नाही. जिना इतका उभा, की मला खाली न्यायचं तर खुर्चीत बसवून चौघांनी उचलावं लागतं. विसर्जनाला निघालेल्या गणपतीसारखी दिसते मी तेव्हा. माझ्या श्रोत्यांची गतही तीच. कुणाचे गुडघे गेले, कुणी पुण्याला मुलाकडे, कुणी अमेरिकेला लेकीकडे. तेव्हा भाचीने टूम काढली: तू माडीवरून गा, लोक मोबाइलवर लाइव्ह ऐकतील. मला वाटलं, रेडिओसारखंच असेल. सांगली आकाशवाणीवर पुष्कळदा गायले आहे मी. लाल दिवा लागला की गायचं, विझला की खोकायचं.

चित्रीकरणवाले ठरले होते, विसारही दिला होता. रविवारी दुपारी अडीचला त्यांचा फोन. एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाची ऑर्डर आली, कॅमेरे तिकडे गेले, समजून घ्या. कार्यक्रम साडेसहाचा. तबलजी शिराळ्याहून एसटीत बसलेले. भाची रडायच्या बेतात. आणि नेमका तू जिना चढून वर आलास, तिच्या फोनची चार्जिंगची पिन बदलून झाली होती, ती द्यायला.

झालेलं सगळं ऐकून घेतलंस. स्वतःचा फोन हातात धरून माडीभर एक फेरी मारलीस आणि म्हणालास, "रेंजच नाय हितं. भिंत केवढी जाड हाय ही!" दोन हात रुंद दगडमातीची भिंत. पुराला तिने कधी अडवलं नाही, रेंजला मात्र बरोबर अडवलं.

तू गेलास. मला वाटलं, गेला तो गेला. अर्ध्या तासात दुकानाला कुलूप लावून परत आलास ते लॅपटॉप, माइक, दोन फोन, एक स्टँड आणि वायरींचं भेंडोळं घेऊन. एक फोन भाजीच्या कापडी पिशवीत घालून खिडकीबाहेर टांगलास आणि त्याच्या नेटवर आत लॅपटॉप चालू केलास. खालच्या काकूंनी वर बघून विचारलं, "दृष्टीसाठी काय बांधलंय काय?"

आता तानपुऱ्याचं. हे सविस्तर सांगणार आहे, कारण पत्र लिहायला बसले ते त्याच्यासाठीच.

माझा तानपुरा मिरजेचा. १९७१ साली बनवून घेतला. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा ह्या म्हाताऱ्याला मी हळदकुंकू लावलं होतं. साडेचारला तू चाचणी घेतलीस. मी तारा छेडल्या, षड्ज लावला, चार ओळी गायले. भाचीने खाली अंगणात जाऊन तिच्या फोनवर ऐकलं, म्हणाली, मस्त येतंय. मी खूश. तू मात्र हेडफोन लावून तोंड वाकडं करून बसलेला. मग म्हणालास, "आज्जी, ते तुम्ही छेडताय न्हवं, ते सुरवातीला ऐकू येतंय आन मग गायबच व्हतंय. ते घों घों पायजे का?"

घों घों! हसावं की रडावं कळेना. पण मुला, तो प्रश्न तुझ्याशिवाय कुणी विचारला नसता. भाची माझ्याच घरात ह्या सुरांत वाढली, तिच्या लक्षात आलं नाही. आणि तू, जन्मात एक नाट्यपद धड न ऐकलेला, तुझ्या कानाला कळलं की इथे काहीतरी होतं आणि आता नाही.

मी तुला भोपळ्याला कान लावायला लावला. चारही तारा ऐकवल्या: पंचम, जोड, जोड, खर्ज. घोडीवर तारेखाली सरकवलेला दोरा दाखवला. तो काढून तार छेडली, ती नुसतीच टणकन वाजली. दोरा परत घालून गव्हाएवढा पुढे घेतला आणि तीच तार बोलायला लागली. ह्याला जवारी म्हणतात, म्हटलं. तू "आयला!" म्हणालास आणि जीभ चावलीस. चावू नकोस. बेचाळीस वर्षांत श्रोत्यांची जी चांगली दाद मिळाली, तिच्यात मी तो 'आयला' धरला आहे.

मग तू मला तुझ्या बाजूचं शास्त्र सांगितलंस. ही यंत्रं माणसाचं बोलणं तेवढं ओळखतात. पंखा, मिक्सर, रस्त्यावरची वाहनं, असा जो आवाज एकसारखा चालू राहतो त्याला गोंगाट समजून आपणहून कापून टाकतात, मीटिंगमधलं बोलणं स्वच्छ यावं म्हणून. तानपुरा एकसारखाच चालतो, तो बिचारा पंख्याच्या रांगेत गेला. मी म्हटलं, अरे, ज्या पाटावर मी बसले आहे तोच हे ओढून घेतंय की! तू लगेच कामाला लागलास. एक सोय त्या अ‍ॅपमध्ये सापडली, ती बंद केलीस, तरी कापाकापी चालूच. मग लॅपटॉपच्या पोटात दुसरी सापडली. पावणेसहाला हेडफोन माझ्या कानावर ठेवलास आणि माझा तानपुरा मला दुरून, जणू शेजारच्या वाड्यातून, अखंड ऐकू आला.

पण एक झालं. कात्री गेली तशी सगळ्यांनाच वाट मोकळी झाली. ऐन ऑक्टोबरात पंखा बंद, फ्रिज बंद. खालच्या काकूंना तू जाऊन सांगून आलास की आठपर्यंत कुकर लावायचा नाही. त्यांनी ऐकलंही. मी तीस वर्षं सांगते आहे, माझं ऐकत नाहीत.

तबलजी आले, ऑर्गनवाल्या बाई आल्या, आणि सूर मिळवता मिळवता आमच्या बोलण्यात भाव्यांचं नाव निघालं, तेव्हा तू चहा पिताना विचारलंस, "भावे म्हणजे ते नाट्यगृहच न्हवं?" ऑर्गनवाल्या बाईंच्या कपाळाला आठी पडली. मला नाही राग आला. तुला म्हटलं, ज्यांच्या नावाचं ते नाट्यगृह, त्या विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली इथेच, आपल्या सांगलीत, इथले राजे अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आश्रयाने 'सीतास्वयंवर' केलं. तेव्हा पदं सगळी सूत्रधारच म्हणायचा आणि पात्रं त्यावर अभिनय करायची. "म्हणजे प्लेबॅक!" म्हणालास. कुठल्याही व्याख्यानात हे इतकं नेमकं ऐकलं नव्हतं. पुढे १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल आलं आणि पात्रं आपली पदं आपणच गायला लागली. 'शारदा' लिहिणारे देवल तर हरिपूरचे, तू मित्रांबरोबर संगमावर जातोस त्या हरिपूरचे, हे सांगितल्यावर तू म्हणालास, "मग ही सगळी आपलीच माणसं की." होय की.

सव्वासहाला मला कळलं, बघायचं कुठे हेच माहीत नाही. समोर फोन, त्यात मीच. स्वतःच्या सुरकुत्यांकडे बघत शारदेचं पद कसं म्हणायचं? रंगभूमीवर आम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं, नजर तिसऱ्या-चौथ्या रांगेवर ठेवायची. तू माझं टिकल्यांचं पाकीट उचललंस, एक मोठी लाल टिकली सोलून फोनच्या बरोबर वर स्टँडला चिकटवलीस, आणि त्याच्या खाली स्वतः मांडी घालून बसलास. "ह्या टिकलीकडं बगायचं. नायतर माझ्याकडं." मी बहुतेक वेळ तुझ्याकडेच बघितलं, हे तुझ्या लक्षात आलं असेल.

नांदी झाली, दुसरं पद झालं. पद संपलं आणि समोर शांत. टाळी नाही, खुर्ची वाजत नाही, कुणी खोकत नाही. बेचाळीस वर्षांत असली शांतता मी फक्त पडलेल्या नाटकात ऐकली होती. पोटात गोळा आला. मी घाईने पुढचं पद धरलं आणि दुसऱ्या ओळीत तू एकदम हात वर करून चार बोटं दाखवायला लागलास. मला वाटलं, ऑर्गनची चौथी काळी पट्टी, काळी चार, सांगतोय? माझी पट्टी चुकली की काय? नंतर उलगडलं. इथलं गाणं लोकांपर्यंत पोचायला अर्धा मिनिट लागत होता, त्यांचे 'वन्समोर' टाइप होऊन यायला आणखी वेळ, आणि तोवर मी पुढच्या पदात. चार बोटं म्हणजे चार वन्समोर. पुढच्या पदाला मी थांबले. ऑर्गन नुसता धरून ठेवायला सांगितला, तुझ्या बोटांची वाट बघितली. एक, दोन, मग पंजा, मग दोन्ही पंजे, मग तू बोटं मोजायची सोडून टाळ्याच वाजवायला लागलास आणि त्या टाळ्या अमेरिकेपर्यंत ऐकू गेल्या. ते पद मी तीनदा म्हटलं. ह्या वयात तिसऱ्यांदा वरचा षड्ज लागला तो त्या अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीमुळे, हे गुपितही सांगून टाकते.

एकदा नेट गेलं, पाचव्या पदाच्या मध्यात. तू दुसरा फोन घेऊन वर गच्चीवर पळालास. मी गातच राहिले. मागे एका यात्रेत लाईट गेली होती तेव्हा बिनमाइकचा सबंध तिसरा अंक काढला होता, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही. तुझ्याच पायात मात्र घाबरून चपला उलट्या होत्या.

आता एक गोष्ट, जी तुला त्या दिवशी सांगितली नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं तेव्हा आमच्या खालच्या खोलीत छातीएवढं पाणी होतं. तिथल्या ट्रंकेत माझ्या कॅसेटी होत्या. पाणी उतरल्यावर भाचीने त्यांच्या फिती सोडवून, धुऊन, शेवयांसारख्या दोरीवर वाळत घातल्या. एकही वाजली नाही. म्हणजे इतकी वर्षं गायले, त्याचा माझ्यापाशी सूरही नव्हता. सोमवारी तू आलास आणि रविवारचा सगळा कार्यक्रम भरलेले तीन पेन ड्राइव्ह माझ्या हातावर ठेवलेस. "एक हितं ठेवा, एक भाचीकडं, एक पुण्याला पाठवा. पूर आला तरी एक ऱ्हातंय." तुला कुणी कॅसेटींचं सांगितलं होतं का? भाची म्हणते, तिने नाही सांगितलं. सांगलीत राहणाऱ्याला बहुधा सांगावं लागत नाही.

पुण्याचा पेन ड्राइव्ह पोचायच्या आधीच तिकडून फोन आला. आमचे जुने ऑर्गनवादक, वय वर्षं ब्याऐंशी, मुलाकडे असतात, त्यांनी रविवारी लाइव्हच ऐकलं होतं. माझ्याबरोबर अख्खा महाराष्ट्र फिरलेला हा माणूस, पण कौतुक करायची सवय नाही. फोन उचलल्या उचलल्या म्हणाले, "पट्टी उतरवलीस." म्हटलं, उतरवली, काळी पाच आता सोसत नाही, पांढरी पाचवर आले. "हं," म्हणाले. "आणि चौथ्या पदापासून तुझ्या तानपुऱ्याचा पंचम चढला होता. कानाला टोचत होता."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं, मुला. पुण्यात, मोबाइलवर, ब्याऐंशी वर्षांच्या कानाला पंचम टोचला! तुझं घों घों तिथपर्यंत गेलं. त्यांना मी तुझं सगळं सांगितलं. ते म्हणाले, त्या पोराला सांग, पुढच्या वेळी माइक तानपुऱ्यापासून वीतभर लांब ठेव. सांगितलं.

पैसे घेतले नाहीस. भडंगाचा डबा घेतलास, तोही भाचीने जबरदस्तीने पिशवीत कोंबला म्हणून. ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन. भावे नाट्यगृहात जायचं मी नक्की केलं आहे, खुर्चीतून का होईना. उचलायला तिघे मिळालेत, चौथा तू. कार्यक्रम संपेपर्यंत माझ्या शेजारी बसायचं आहे, मध्येच उठून दुकानात पळायचं नाही.

आणि येताना रिकाम्या हाताने ये, कारण तुझी एक काळी लांब वायर माझ्याकडेच राहिली आहे. तिचं एक टोक मांजराने चावलं आहे. स्टँड नेलास, पण ती टिकली काढून खिडकीच्या चौकटीला लावून गेलास. ती राहू दे.

तुझी,
माडीवरची आज्जी
गावभाग, सांगली